भुंकणाऱ्या कुत्रीला सांगितल्यावर भुंकायला कसे शिकवावे?

सायंतारा | रविवार, सकाळी १०.४०

नमस्कार. आमच्याकडे मनुका नावाची अडीच वर्षांची गावठी कुत्री आहे. नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ ऐन पावसात ती सापडली, तेव्हा मूठभर, काळी आणि सुरकुतलेली होती, म्हणून हे नाव पडले. आम्ही दोघे निवृत्त असून इंदिरानगरात तळमजल्यावर राहतो. मनुका स्वभावाने प्रेमळ आहे. परंतु फाटकाशी दूधवाला, सिलिंडरवाला किंवा इस्त्रीचे कपडे आणणारा मुलगा, कोणीही आले तरी ती भुंकू लागते आणि माणूस निघून गेल्यावर पाच-पाच मिनिटे थांबत नाही. वरच्या मजल्यावरून दोनदा तक्रार आली आहे आणि ती तक्रार मला गैरवाजवी वाटत नाही.

माझ्या भाच्याने सुचवले की, कुत्र्याला आधी आज्ञेवर भुंकायला शिकवावे, म्हणजे पुढे आज्ञेवर गप्प बसायला शिकवणे सोपे जाते. यजमानांचे म्हणणे असे की, जी न सांगता दिवसभर भुंकते तिला भुंकायला शिकवणे म्हणजे गोदावरीला पाणी पाजण्यासारखे आहे. तरीही मी आठ दिवस प्रयत्न केला. मुठीत बेदाणा धरून मी ‘बोल, बोल ना मनुका, बोल, बोल’ असे म्हणत राहते आणि ती भुंकली की बेदाणा देते. दिवसाला आठ-दहा बेदाणे होतात. आता झाले आहे असे की, ‘बोल’ म्हटल्यावर ती नुसती मुठीकडे पाहत बसते. उलट मी स्वयंपाकाला लागले की ओट्याशी येऊन माझ्या तोंडाकडे पाहत भुंकते आणि काहीतरी मिळेपर्यंत हटत नाही. म्हणजे पूर्वी एक त्रास होता, आता दोन झाले. माझे नेमके काय चुकते आहे, आणि मुळात हे शिकवावे की नाही, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मळेकरी | रविवार, सकाळी १०.५५

ताई, भुंकण्याचे नंतर पाहू. बेदाणे आत्ताच्या आत्ता बंद करा आणि आजच पशुवैद्यांकडे जा.

माझी दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, त्यामुळे हे मला शिकावेच लागले. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका हे तिन्ही कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. किती खाल्ल्यावर अपाय होईल याचा नियम नाही. एखादे कुत्रे घड खाऊन धडधाकट राहते आणि एखाद्याची मूत्रपिंडे थोडक्या दाण्यांनी निकामी होतात. बेदाण्यात पाणी उडून गेलेले असल्याने वजनाच्या मानाने तो ताज्या द्राक्षापेक्षा अधिक घातक असतो. कारण बराच काळ अज्ञात होते. २०२१ मध्ये अमेरिकेतील पशुवैद्यकांनी द्राक्षातील टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. तेच आम्ल चिंचेतही भरपूर असते, म्हणून चिंच घातलेली आमटी-भातही कुत्र्याला घालू नये. उलट्या, सुस्ती, जेवण सोडणे, लघवी कमी होणे यांपैकी काही दिसते आहे का? दिसत नसले तरी रक्त तपासून घ्या.

कांद्याचेही तसेच आहे; तो कच्चा असो वा शिजवलेला, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. एकीकडे द्राक्षे, दुसरीकडे लासलगावचा कांदा. आपल्या जिल्ह्यात कुत्र्याने खावे तरी काय, असा प्रश्न पडतो खरा.

सायंतारा | रविवार, सकाळी ११.०५

माझे हातपाय गार पडले. तशी कोणतीही लक्षणे दिसत नाहीत, सकाळी भाकरी-दूध नेहमीसारखे खाल्ले आहे. रविवारी उघडा असलेला दवाखाना शोधून निघतोच आहोत.

शिट्टीवाला | रविवार, दुपारी ४.२०

ताईंची कुत्री ठीक असावी अशी आशा करतो. मळेकरींनी वेळेवर सांगितले हे फार चांगले झाले. त्या परत येतील तोवर मूळ प्रश्नाचे उत्तर सविस्तर लिहून ठेवतो. मी व्यावसायिक प्रशिक्षक नाही. परंतु गेली बारा वर्षे गंगापूर रोड परिसरातील ओळखीच्यांची कुत्री शिकवीत आलो आहे आणि ताईंनी केलेल्या दोन्ही चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

पहिली चूक क्रमाची आहे. आज्ञेचा शब्द हा कुत्र्याच्या दृष्टीने पुढे घडणाऱ्या गोष्टीची वर्दी असतो. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेत आधी खूण होत असे आणि मग अन्न येत असे, म्हणून नुसत्या खुणेनेच कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटू लागले. अन्न आधी आणि खूण नंतर असा उलटा क्रम ठेवला तर हे शिक्षण जवळजवळ होत नाही. ताईंच्या बाबतीत खाऊची मूठ आधीच नाकासमोर होती, त्यामुळे मनुकेने वर्दी घेतली ती मुठीची, ‘बोल’ या शब्दाची नव्हे. त्यातून तो शब्द दहादा उच्चारल्यामुळे तो तिच्या लेखी पंख्याच्या घरघरीसारखा झाला. शब्द एकदाच उच्चारावा आणि थांबावे.

दुसरी चूक अशी की, न मागता केलेल्या भुंकण्यालाही खाऊ मिळाला. ज्या वागण्यामागून लाभ येतो ते वागणे वाढते, हे मानसशास्त्रज्ञ स्किनरने कबुतरांवर आणि उंदरांवर दाखवले. ओट्याशी भुंकल्यावर काहीतरी मिळते, हा धडा मनुका अगदी बरोबर शिकली आहे. विद्यार्थिनी हुशार आहे, अभ्यासक्रम चुकला.

आता पद्धत सांगतो. यासाठी दोन माणसे लागतात. मनुका कशाने हमखास भुंकते, ते आधी ठरवा. समजा, दारावरच्या घंटीने भुंकते. यजमानांनी दाराबाहेर उभे राहावे. आपण आत मनुकेसमोर उभ्या राहा; खाऊ खिशात असावा, हातात नको. शांतपणे एकदाच ‘बोल’ म्हणा, एक सेकंद थांबा, आणि मग यजमानांनी घंटी वाजवावी. मनुका भुंकेल. पहिल्या भुंकण्याच्या क्षणीच ‘छान!’ असा ठरलेला शब्द उच्चारा आणि मग खिशातून खाऊ काढून द्या. हा ‘छान’ महत्त्वाचा आहे. खाऊ तोंडापर्यंत पोचायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्यात कुत्रे आणखी चारदा भुंकलेले असते आणि बक्षीस नेमके कशाचे मिळाले हे त्याला कळत नाही. म्हणून ज्या भुंकण्यासाठी बक्षीस आहे, त्या भुंकण्यावर शब्दाने बोट ठेवायचे. काही जण त्यासाठी टिकटिक वाजणारी डबी वापरतात. मला तोंडचा शब्द पुरतो, कारण तो घरी विसरत नाही.

एका बैठकीत असे सात-आठ वेळा करावे. पाच मिनिटांहून अधिक वेळ घेऊ नये आणि दिवसातून दोन बैठका पुष्कळ झाल्या. दोन-तीन दिवसांनी एकदा ‘बोल’ म्हणून घंटी वाजवायचीच नाही. मनुका दाराकडे पाहील, आपल्याकडे पाहील, कदाचित घशातल्या घशात अर्धवट ‘वुफ’ करील. त्या अर्धवट आवाजालाही भरघोस बक्षीस द्या. घंटीखेरीज केवळ शब्दावर आलेला तो पहिला आवाज असतो आणि सगळे त्याच्यावर उभारायचे असते. शब्दाबरोबर हाताची खूणही जोडता येते. मी चिमणीच्या चोचीसारखी बोटे उघडतो व मिटतो. कुत्र्यांना शब्दापेक्षा खूण लवकर समजते असा माझा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘शांत’. माझ्या मते आज्ञेवर भुंकवण्याचे घरगुती प्रयोजन एवढेच आहे. बाकी पाहुण्यांसमोर करमणूक. गप्प बसायला शिकवायचे तर भुंकणे आपल्या हुकमतीत सुरू होणारे हवे, नाहीतर दूधवाल्याची वाट पाहत सराव करावा लागतो, आणि दूधवाला आलेला असतो तेव्हा कुत्रे शिकण्याच्या मनःस्थितीत नसते. ‘बोल’ म्हणून दोन-तीनदा भुंकू द्यावे, मग खाऊ नाकाशी न्यावा. वास घेणारे कुत्रे भुंकत नाही. ती शांतता आली की हळू आवाजात ‘शांत’ म्हणावे, मनात तीनपर्यंत मोजावे आणि खाऊ द्यावा. पुढे शब्द आधी आणि हात नंतर, मग नुसताच शब्द, आणि मोजणी तीनावरून पाच, दहा, वीस अशी वाढवावी. ‘शांत’ ओरडून म्हणू नये. आपण ओरडलो की कुत्र्याला वाटते, मालकही आपल्या जोडीला भुंकू लागले.

ओट्याजवळच्या भुंकण्याला आजपासून काहीही मिळता कामा नये, रागावणेसुद्धा नाही, कारण रागावणे हेही लक्षच असते. सावध करून ठेवतो: पहिले काही दिवस ती पूर्वीपेक्षा जास्त आणि जोरात भुंकेल. पैसे गिळलेल्या सार्वजनिक फोनच्या डब्यावर आपण कसे जोरजोरात हात मारीत असू, तसे ते असते. त्या दिवसांत एकदा जरी पोळीचा तुकडा टाकलात, तरी जास्त जोराने भुंकावे लागते एवढेच ती शिकेल.

तिसरा_मजला | रविवार, सायंकाळी ६.१५

मी ‘वरच्या मजल्यावर’ राहणाऱ्या वर्गातील आहे, या इमारतीतला नसलो तरी. रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्या माणसाला खालच्या घरी मुद्दाम घंटी वाजवून कुत्रे भुंकवण्याचे वर्ग चालू आहेत हे कळले, तर त्याला काय वाटेल याचा कोणी विचार केला आहे का? ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. माझ्या एका सहकाऱ्याने ऑनलाइन विजेचा सौम्य झटका देणारा पट्टा मागवला आणि चार दिवसांत कुत्रे गप्प झाले. एवढा सोपा उपाय असताना हा उलटा घास कशाला?

शिट्टीवाला | रविवार, रात्री ८.३०

आपला पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. सरावाची वेळ शेजाऱ्यांना विचारून ठरवावी, ‘तीन आठवडे सायंकाळी पाच मिनिटे आवाज होईल’ असे आधी सांगावे. सांगितल्यावर बहुतेक लोक हसून हो म्हणतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, परंतु त्या कागदाची ढाल करून शेजारधर्म बुडवावा असे मीही म्हणणार नाही.

झटक्याच्या पट्ट्याबाबत मात्र मी ठाम विरोधात आहे. कुत्रे गप्प झाले हे खरे असेल. पण ते काय शिकले? फाटकाशी माणूस आला की मानेला कळ येते, हे शिकले. पूर्वी ते माणसावर भुंकत होते, आता ते माणसाला भिते, आणि भीती सांगण्याचे त्याचे साधन आपण काढून घेतलेले असते. गुरगुरणे आणि भुंकणे या चावण्याच्या आधीच्या पायऱ्या आहेत. त्या शिक्षेने पुसल्या तर एखाद्या दिवशी पूर्वसूचनेविना चावा येतो, आणि तो बहुधा इस्त्रीचे कपडे आणणाऱ्या मुलाला.

अनुनाद | सोमवार, सकाळी ७.५०

शिट्टीवाला यांच्या पद्धतीत मला एक भर घालावीशी वाटते. कोणते भुंकणे पकडायचे, याचा विचार आधी व्हावा. बुडापेस्ट येथील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुदी जातीच्या कुत्र्यांचे निरनिराळ्या प्रसंगांतील भुंकणे ध्वनिमुद्रित करून लोकांना ऐकवले. अनोळखी माणूस आला तेव्हाचे, झाडाला बांधून एकटे सोडले तेव्हाचे, चेंडूसाठी केलेले, असे ते प्रसंग होते. कोणता आवाज कोणत्या प्रसंगातला, हे श्रोत्यांना नुसत्या अंदाजाने जमेल त्याहून बरेच चांगले ओळखता आले, आणि ज्यांनी कधी कुत्रे पाळले नव्हते त्यांनाही ते जमले. खर्जातले, एकामागोमाग एक घाईने येणारे भुंकणे लोकांना रागाचे वाटते. वरच्या पट्टीतले, मध्ये अंतर असलेले भुंकणे तसे वाटत नाही.

याचा आपल्या प्रश्नाशी संबंध असा की, घंटीमुळे येणारे मनुकेचे भुंकणे जर भीतीचे वा रागाचे असेल, तर ‘बोल’ या शब्दाला तीच भावना चिकटेल आणि सराव करताना ती दर वेळी तापेल. तिचे शेपूट, कान आणि पाठीवरचे केस पाहावेत. केस उभे राहत असतील तर घंटी सोडून द्यावी आणि चेंडू हातात लपवून थोडे चिडवून जे खेळकर भुंकणे येते, तेच पकडावे.

मळेकरी | सोमवार, रात्री ९.००

माझाही या विषयात स्वार्थ आहे. मळ्यावर वडील रात्री एकटे असतात आणि आमच्या भागात बिबट्याचा वावर नेहमीचा आहे. त्यांनी ‘बोल’ म्हटले की आमचा वाघ्या भुंकेल, असे शिकवले तर काही उपयोग होईल का?

शिट्टीवाला | सोमवार, रात्री ९.४०

शिकवता येईल, पण त्यावर राखणीची भिस्त ठेवू नये. आपल्या इगतपुरी-सिन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला आहे, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला, म्हणजे कोणत्याही दुसऱ्या प्राण्याहून जास्त. बिबट्याच्या दृष्टीने वाघ्या हा पहारेकरी नसून जेवण आहे, आणि साखळीने बांधलेला वाघ्या म्हणजे वाढून ठेवलेले ताट. रात्री त्याला वडिलांजवळ दाराआड घ्या. आतून त्याचे भुंकणे वडिलांना जागे करील, एवढे काम मोठे आहे. ‘बोल’ शिकवायचेच असेल तर दिवसा शेजारच्या मळ्याला हाक देण्यासाठी शिकवा. म्हाताऱ्या माणसाच्या हाकेपेक्षा ते नक्कीच लांब जाते. भूकंपात ढिगाऱ्याखाली माणसे शोधणाऱ्या कुत्र्यांनाही माणूस सापडला की भुंकायलाच शिकवलेले असते, त्याचे कारण हेच.

सायंतारा | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, सायंकाळी ५.३०

उशिराबद्दल क्षमस्व. आधी महत्त्वाचे: त्या रविवारी आणि पुन्हा तीन दिवसांनी मनुकेचे रक्त तपासले, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन दोन्ही वेळा योग्य मर्यादेत आले. डॉक्टरांनी नाव विचारले, मी ‘मनुका’ सांगितले, आणि काय खाल्ले विचारल्यावर ‘बेदाणे’ सांगितले, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिले ते मी विसरणार नाही. मळेकरी, आपले उपकार कसे मानावेत कळत नाही.

आता खाऊ म्हणून उकडलेल्या कोंबडीचे आणि आमच्या उपासाच्या दिवशी पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे करते. अनुनाद यांनी सांगितल्याप्रमाणे पाहिले, तर घंटीला तिचे पाठीवरचे केस खरोखरच उभे राहतात. म्हणून चेंडू घेतला. चौथ्या दिवशी चेंडू न दाखवता पहिला अर्धवट ‘वुफ’ आला. ओट्याजवळचे भुंकणे पहिले पाच दिवस असह्य झाले, यजमान एकदा पोळी टाकण्याच्या बेतात होते, त्यांचा हात मी धरला. आठवडाभरात ते बंद झाले. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना आधी सांगितले होते. त्यांचा नातू आता सरावाला येऊन बसतो आणि चोचीची खूण माझ्यापेक्षा चांगली करतो. ‘शांत’वर ती बारापर्यंत मोजेतो थांबते. दूधवाला आल्यावर आता तीन-चारदा भुंकते आणि ‘शांत’ म्हटल्यावर माझ्याकडे वळून येते.

परंतु एक भलतीच अडचण उभी राहिली, जी कोणाच्याच लक्षात आली नव्हती. यजमान फोन उचलतात तेच मुळी ‘हं, बोल’ असे म्हणून. त्यांचे मित्र पुष्कळ आणि फोनही पुष्कळ. दर वेळी मनुका एकदा भुंकते, आणि मग ‘छान’ची वाट पाहत त्यांच्यासमोर बसते. पलीकडच्या माणसाला वाटते, आपल्यावरच कुत्रे सोडले. शब्द बदलता येईल का?

शिट्टीवाला | शनिवार, सायंकाळी ६.१०

हा दोष सर्वस्वी माझा आहे. शब्द निवडताना तो घरात रोज उच्चारला जात नाही ना, हे पाहायला सांगायचे राहिले. आमच्या ओळखीत एकाने ‘बस’ शिकवले आणि पंगतीत वाढणाऱ्याला ‘बस, बस’ म्हटले की कुत्रे खाली बसे. बदल सोपा आहे आणि क्रमाचा जुनाच नियम तिथे लागतो. नवा शब्द आधी, जुना नंतर: ‘गर्जना’, एक सेकंद, ‘बोल’, भुंकणे, ‘छान’, खाऊ. दोन दिवसांत ती ‘गर्जना’वरच भुंकू लागेल, मग ‘बोल’ गाळावा. त्यानंतर फोनवरच्या ‘बोल’ला कधीही काही मिळता कामा नये, म्हणजे तो आपोआप विझेल. आणखी कशावर अडते आहे का?

सायंतारा | शनिवार, सायंकाळी ६.४०

घंटागाडीवर. कचऱ्याच्या गाडीचे गाणे कोपऱ्यावर लागले की ‘शांत’ वगैरे सगळे वाहून जाते, खाऊ नाकाशी धरला तरी वासही घेत नाही.

शिट्टीवाला | शनिवार, सायंकाळी ७.०५

ज्या क्षणी कुत्रे आवडता खाऊही नाकारते, त्या क्षणी ते शिकण्याच्या पलीकडे गेलेले असते. तिथे आज्ञा देऊन शब्द वाया घालवू नका. ते गाणे फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि दुपारी, जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू आवाजात लावा. तिने कान टवकारले पण भुंकली नाही, तर खाऊ. दर दोन दिवसांनी आवाज एक घर वाढवा. भुंकली तर तो वाढ फार झाली एवढाच निरोप आहे, एक घर मागे या. खरी गाडी येईल तेव्हा तोवर तिला मागच्या खोलीत पंखा लावून ठेवा.

सायंतारा | शनिवार, सायंकाळी ७.१५

गाडी सकाळी सव्वासातला येते. उद्या मनुकेला मागच्या खोलीत ठेवून फोन घेऊन मीच फाटकाशी उभी राहते. यजमानांना त्या वेळात कोणाचा फोन घेऊ नका, असे सांगून ठेवले आहे.